सातपुड्यातील कूपतोड आणि ढोलीत राहणारे पक्षी-प्राणी : पीएच.डी.च्या आराखड्याबाबत मार्गदर्शन हवे

तापीकाठ (शहादा)

नमस्कार. मी शहादा तालुक्यातली असून प्राणिशास्त्रातील एम.एस्सी.नंतर यंदा पीएच.डी.साठी नोंदणी केली आहे. सातपुड्याच्या शुष्क पानझडी जंगलात इमारती लाकडासाठी जी कूपतोड (वन विभागाने आखलेल्या पट्ट्यांतील, म्हणजे कूपांतील, झाडतोड) होते, तिचा झाडांच्या ढोलीत घरटे करणाऱ्या पक्ष्यांवर आणि ढोलीच्या आश्रयाने राहणाऱ्या लहान सस्तन प्राण्यांवर काय परिणाम होतो, हा माझा विषय आहे. संशोधन समितीपुढे आराखडा मांडण्याआधी या चर्चापीठावरील जाणत्या मंडळींकडून तो तपासून घ्यावा, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

विषय निवडण्यामागे अर्थातच रानपिंगळा हे दुर्मिळ, लहान घुबड आहे. ॲलन ह्यूम यांनी १८७३ मध्ये या पक्ष्याचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढे खान्देशात सनदी अधिकारी असलेल्या जेम्स डेव्हिडसन यांनी १८८० च्या दशकाच्या पूर्वार्धात आपल्याच शहादा-तळोदा भागातून त्याचे नमुने गोळा केले, आणि १८८४ नंतर तो कोणाला खात्रीने दिसला नाही. ब्रिटिश पक्षीसंग्राहक मेनर्ट्झहागेन यांनी गुजरातेतून १९१४ मध्ये मिळवल्याचे सांगितलेला नमुना चोरीचा आणि खोट्या नोंदीचा निघाला. त्या खोट्या ठिकाणाचा नाद सोडून जुन्या, खऱ्या ठिकाणांकडे वळल्यामुळेच पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांना नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी तो पुन्हा सापडला. ज्या काळात डेव्हिडसन यांना हा पक्षी मिळत होता, त्याच काळात तळोदा हा खान्देशातील लाकडाचा मोठा बाजार होता आणि तेथे बनणाऱ्या बैलगाड्या नावाजलेल्या होत्या. म्हणजे रानपिंगळा आणि साग एकाच जंगलातून येत होते. दोन्ही गोष्टी तेव्हा एकत्र नांदत होत्या, की एकीच्या भरभराटीत दुसरीचा ऱ्हास सुरू झाला होता, हा प्रश्न मला स्वस्थ बसू देत नाही.

वाचनात आलेले बहुतेक संशोधन दमट उष्णकटिबंधीय जंगलांवरचे आहे. बोर्निओतील सबाह भागात डेव्हिड एडवर्ड्स आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये दाखवले की दोनदा तोड झालेल्या जंगलातही, अस्पर्श जंगलातील पक्ष्यांच्या आणि शेणभुंग्यांच्या ७५ टक्क्यांहून अधिक जाती टिकून होत्या. २०१४ मध्ये झुझाना बुरिव्हालोवा आणि सहकाऱ्यांनी अनेक देशांतील अभ्यास एकत्र करून असा निष्कर्ष काढला की हेक्टरी सुमारे ३८ घनमीटर लाकूड काढल्यावर सस्तन प्राण्यांच्या जातींची संख्या निम्म्यावर येते, उभयचरांच्या बाबतीत हीच पातळी ६३ घनमीटरांची आहे, आणि पक्ष्यांच्या जातींची एकूण संख्या मात्र वाढलेली दिसते, कारण कोठेही जुळवून घेणारे पक्षी मोकळ्या झालेल्या जंगलात शिरतात. हे आकडे आपल्या साग-सालईच्या विरळ जंगलाला कितपत लागू पडतील, याविषयी मला शंका आहे.

माझा सध्याचा बेत असा आहे. तोरणमाळ परिसरातील राखीव वनांत तोड झालेल्या भागात तीस आणि तोड न झालेल्या भागात तीस बिंदू ठरवायचे, प्रत्येक बिंदूवर हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात दहा मिनिटे उभे राहून पक्ष्यांची नोंद घ्यायची, आणि दोन्ही गटांतील जातींची संख्या ताडून पाहायची. शक्य झाल्यास यावल अभयारण्यातही तेच करायचे. ही मांडणी पुरेशी आहे का? केवळ रानपिंगळ्यावर भर द्यावा की ढोलीत राहणारे सर्वच जीव घ्यावेत? आणि वन विभागाच्या जुन्या नोंदींतून तोडीची तीव्रता कशी काढावी? जाणकारांनी मोकळेपणाने चुका दाखवाव्यात, ही विनंती.

सालई (अमळनेर)

तुमची तयारी चांगली आहे, म्हणून थेट मुद्द्यावर येतो. 'तोड झालेले' आणि 'न झालेले' अशी दोन खान्यांची विभागणी सातपुड्यात टिकणार नाही, आणि परीक्षकांनी पहिला प्रश्न येथेच विचारला पाहिजे.

कारण असे की आपल्या डोंगरात तोड कोठे होते हे योगायोगाने ठरत नाही. जास्त उताराचे, खडकाळ, धूप होणारे भाग कार्य आयोजनेत (वन विभागाच्या अनेक वर्षांच्या कामाच्या आराखड्यात) तोडीतून वगळून संरक्षणाखाली ठेवतात, आणि कूप पडतात ते दरीच्या तळाशी, बऱ्या मातीत, जेथे साग सरळ वाढतो तेथे. तुम्ही 'तोड न झालेले' म्हणून जे क्षेत्र निवडाल, ते बहुधा कड्याकाठचे सालईचे रान असेल. तेथे सालई आहे ती तोड टळली म्हणून नव्हे, उथळ माती आणि तापलेला खडक तिलाच मानवतो म्हणून आहे. मग तेथे ढोल्या जास्त मिळाल्या तर त्याचे श्रेय संरक्षणाला द्यायचे की सालईच्या मऊ लाकडाला, हे तुमच्या साठ बिंदूंतून कधीच कळणार नाही. त्यामुळे उतार, उंची, मातीची खोली आणि वस्तीपासूनचे अंतर जुळणाऱ्या जोड्या निवडा. तशा जोड्या थोड्या मिळाल्या तरी चालतील.

दुसरा मुद्दा बिंदूंच्या संख्येचा आहे. एका कूपात दहा बिंदू घेतले म्हणजे दहा स्वतंत्र निरीक्षणे झाली, असे होत नाही. तो कूप एकाच वर्षी, एकाच मार्किंगने (तोडायच्या झाडांवर खुणा करण्याच्या कामाने), एकाच हाताने तुटला, म्हणून त्याची गणना एक. स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी १९८४ मध्ये या चुकीवर सविस्तर लिहिले आणि तरीही ती चूक आजपर्यंत होत आली आहे. तुमचे एकक कूप आहे, बिंदू नव्हे. शिवाय एका मालिकेतील कूप दरवर्षी क्रमाने एकमेकांना लागून पडत जातात, त्यामुळे पाच, पंधरा आणि पंचवीस वर्षांपूर्वीचे कूप घेऊन जंगल भरून येण्याचा क्रम दाखवू पाहाल, तर कूपाचे वय आणि त्याची जागा एकमेकांत गुंतलेली आढळतील. वेगवेगळ्या वनपरिक्षेत्रांतील निरनिराळ्या मालिका घेतल्याशिवाय ही गाठ सुटत नाही.

तिसरा मुद्दा दिसण्याचा. माघानंतर साग निष्पर्ण होतो तेव्हा विरळणी केलेल्या कूपात शंभर पावलांवरचा पक्षी दिसतो, आणि दाट भागात तोच पक्षी वीस पावलांवर लपतो. न दिसणे म्हणजे नसणे असे धरून चाललात, तर तोडीचा परिणाम म्हणून तुम्ही प्रत्यक्षात पानगळच मोजाल. एकाच जागी अनेकदा जाऊन 'आहे' आणि 'दिसला' यांत फरक करणारी पद्धत डॅरिल मॅकेन्झी आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये मांडली. ती आता सर्वत्र वापरली जाते आणि तुमच्या कामाला नेमकी जुळते. बिंदूंची संख्या कमी करा आणि प्रत्येक बिंदूवरच्या फेऱ्या वाढवा.

आता रानपिंगळ्याविषयी. तो अभ्यासाच्या केंद्रस्थानी असू द्या, पण आकडेमोड त्याच्या एकट्याच्या भरवशावर ठेवू नका. त्याची संख्या मुळात इतकी थोडी आहे की दोन जोड्या इकडच्या तिकडे झाल्या तर निष्कर्ष उलटा होईल. जागतिक लाल यादीत २०१८ मध्ये त्याला 'अतिसंकटग्रस्त' वरून 'संकटग्रस्त' या वर्गात आणले गेले, त्याचे मोठे कारण तो तानसा आणि दक्षिण गुजरातसारख्या नव्या ठिकाणी सापडला हे होते. आपल्या डोंगरातील त्याची स्थिती सुधारली, असा त्याचा अर्थ लावता येत नाही. त्यापेक्षा ढोलीभोवती जमणारा सगळा गोतावळा घ्या. सुतार आणि तांबट हे पक्षी ढोली कोरतात. त्या जुन्या झाल्या की पिंगळे, राघू, मैना, नीलपंख त्यांत राहायला येतात. धनेशाला नैसर्गिक, मोठी ढोली लागते. रात्री उदमांजर आणि वटवाघळे तिचा उपयोग करतात. कॅथी मार्टिन आणि जॉन एडी यांनी १९९९ मध्ये कॅनडातील जंगलासाठी अशा परस्परावलंबनाचे जाळे मांडले होते. सातपुड्यासाठी तसे जाळे तपशिलाने मांडलेत, तर प्रबंधाचे ते एक प्रकरणही पुष्कळ मोलाचे ठरेल.

आणि बोर्निओबद्दलची तुमची शंका रास्त आहे. सबाहमध्ये पहिल्याच फेरीत हेक्टरी १०० घनमीटरांहून अधिक लाकूड निघाले होते, तेही उंच सदाहरित वृक्षांचे. आपल्याकडे घनमीटरांवरून फारसे काही उमगणार नाही. रानपिंगळा मुळात मोकळ्या जंगलातला, दिवसा वावरणारा, फांदीवर बसून जमिनीवरचे उंदीर, सरडे हेरणारा पक्षी आहे. छत्र थोडे उघडले म्हणून त्याचे बिघडेलच, असे धरून चालू नये. ढोलीचे झाड गेले तर मात्र त्याचे नक्कीच बिघडते. म्हणून माझा आग्रह एवढाच आहे की किती लाकूड गेले याच्या आधी कोणती झाडे गेली आणि कोणती उभी राहिली, हे मोजा. प्रत्येक बिंदूभोवती ठरावीक क्षेत्रात उभ्या झाडांचा घेर, जात, वाळका शेंडा, उभे वाळलेले खोड, ढोलीचे तोंड आणि त्याची उंची या सर्वांची नोंद झाली, तर जातींच्या संख्येचे स्पष्टीकरण तुमच्या हातात असेल.

निवृत्त वनपाल (चोपडा)

ताई, आयुष्यातील बरीच वर्षे मी कूपांच्या मार्किंगमध्ये घालवली आहेत, त्यामुळे नोंदींच्या प्रश्नाला मी उत्तर देऊ शकतो. सालई यांनी जे शेवटी सांगितले त्याचे मूळही मार्किंगमध्येच आहे.

उपवनसंरक्षकांच्या कार्यालयात त्या विभागाची कार्य आयोजना असते. तिच्यात कक्षनिहाय वर्णन, कोणत्या वर्षी कोणता कूप पडणार याचा तक्ता आणि नकाशे असतात. परंतु आयोजनेत लिहिलेले वर्ष आणि प्रत्यक्ष तोडीचे वर्ष जुळेलच असे समजू नका. १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन प्रकरणात, केंद्र सरकारने मंजूर केलेल्या कार्य आयोजनेशिवाय वनांत वृक्षतोड करू नये असा आदेश दिला. आयोजनेची मुदत संपून नवी मंजूर होईपर्यंत कामे थांबत, आणि मग काही कूप उशिरा पडत, काही राहूनच जात. म्हणून आयोजनेसोबत मार्किंगच्या नोंदवह्या आणि विक्री आगारात पोहोचलेल्या मालाच्या नोंदी मागा. या तीन ठिकाणची माहिती एकमेकांशी पडताळली की कोणत्या कक्षातून कोणत्या जातीची, किती घेराची झाडे निघाली हे बऱ्यापैकी स्पष्ट होते. कूपतोडीचे काम पुष्कळ ठिकाणी जंगल कामगार सहकारी संस्थांकडे होते. त्यांच्या जुन्या सभासदांना भेटा. कोणत्या नाल्याच्या वरच्या अंगाला कोणत्या साली काम झाले, हे त्यांना तोंडपाठ असते.

नोंदी मिळाल्या नाहीत, तर थुटे (तोडीनंतर उरलेले बुंधे) बोलतात. मार्किंग करताना झाडाच्या छातीच्या उंचीवर आणि अगदी बुंध्याशी, असे दोन ठिकाणी साल तासून क्रमांक घालतात आणि हॅमरचा ठसा उमटवतात. बुंध्याशी ठसा एवढ्यासाठी की झाड तुटून गेल्यावरही तो थुटावर राहावा. सागाचे लाकूड चिवट असल्याने त्याचे थूट बरीच वर्षे कुजत नाही. कडेने फुटवे निघून त्यांपैकी एखादा चांगला वाढलेला असला, तरी खाली वाकून पालापाचोळा बाजूला केला की तासलेला भाग हाताला लागतो. ठसा असलेले थूट म्हणजे मार्किंगमधील तोड. नव्या थुटावर ठसा नाही आणि काप गुडघ्याच्या उंचीवर कुऱ्हाडीने तिरका घेतलेला आहे, तर ती चोरटी तोड असण्याचा संभव जास्त. जुन्या थुटावरचा ठसा पावसाने आणि वाळवीने पुसला जातो, त्यामुळे केवळ ठसा नाही म्हणून कोणावर ठपका ठेवू नये. थुटाचा घेर, जात आणि काप या तीन गोष्टी तुम्ही प्रत्येक बिंदूवर लिहून घेतल्यात, तर कागदावरील तोड आणि जमिनीवरील तोड यांतील अंतर समोर येईल. तुमच्या प्रबंधाला त्याशिवाय पाया नाही, असे मला वाटते.

आता कोणती झाडे गेली, त्याविषयी. निवड आणि सुधारणेच्या कूपात मार्किंगला उभे राहिलो की वाकडे, पोकळ, शेंडा वाळलेले, रोगट झाड आधी निवडले जाई. सरळ, जोमदार झाडाला वाढायला जागा मिळावी, हा त्यामागील हेतू होता आणि वनशास्त्राच्या दृष्टीने तो चुकीचा नव्हता. पण पक्ष्याच्या दृष्टीने पाहिले तर आम्ही नेमके त्याचे घर निवडत होतो. त्याहून मोठा बदल जेथे मिश्र जंगल साफ करून केवळ सागाची लागवड झाली तेथे घडला. १९७४ साली स्थापन झालेल्या वनविकास महामंडळाचे राज्यातील काम पुष्कळसे याच धर्तीवर चालले. साग निरोगी वाढला तर त्यात ढोली सहजासहजी होत नाही. सालई, मोई, पांगारा यांचे लाकूड मऊ असते आणि सुताराला कोरायला सोपे जाते. रोहनच्या जुन्या खोडांतही ढोल्या असतात. ही झाडे बाजारात किंमत नसल्यामुळे कधी वाचली आणि सागाला अडथळा म्हणून कधी गेली. नंतरच्या काळात काही जुनी, पोकळ झाडे वन्यजीवांसाठी राखण्याच्या सूचना येऊ लागल्या. त्या प्रत्यक्षात किती पाळल्या गेल्या, हे तुमच्यासारख्या अभ्यासकाने मोजून दाखवले तर पुढच्या कार्य आयोजनेत आकडा घालायला आधार मिळेल. हेक्टरी किती ढोलीची झाडे राखावीत आणि ती कोणत्या जातीची असावीत, हा तो आकडा. खात्याला उपयोगी पडेल असे संशोधन मला यापेक्षा वेगळे सुचत नाही.

यावलबद्दल एक खुलासा करतो. यावल अभयारण्य १९६९ मध्ये जाहीर झाले असून त्याचे क्षेत्र सुमारे १७८ चौरस किलोमीटर आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम २९ मुळे तेथे व्यापारी तोड होत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २००० मध्ये अभयारण्ये व राष्ट्रीय उद्यानांतून वाळलेली, मरणासन्न किंवा वादळात पडलेली झाडेही हलवण्यास मनाई केली. म्हणजे अभयारण्याच्या हद्दीच्या आत वाळलेले खोड कायद्याने उभे राहते आणि हद्दीबाहेरच्या राखीव वनात ते मार्किंगमध्ये जाऊ शकते. हद्दीच्या दोन्ही बाजूंना सारखी माती, सारखा उतार असलेल्या जागा पाल आणि लंगडा आंबा या भागांत शोधून पाहा. सालई यांना हव्या असलेल्या जोड्या कदाचित तेथेच मिळतील. अभयारण्याच्या काही भागांत अतिक्रमणामुळे जंगलच राहिलेले नाही, ते भाग वगळावे लागतील.

परवानगीसाठी आत्ताच अर्ज करा. अभयारण्यात संशोधनासाठी प्रवेश कलम २८ खाली मुख्य वन्यजीव रक्षकांकडून मिळतो. महाराष्ट्रात ते काम नागपूरच्या प्रधान मुख्य वनसंरक्षक (वन्यजीव) यांच्याकडे असते. रानपिंगळा वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्याला पकडणे किंवा ओळखीसाठी पायात कडी घालणे तुमच्या बेतात नाही, हे चांगले आहे. तसे असते तर प्रकरण केंद्रापर्यंत गेले असते.

शिक्षक (धडगाव)

ताई, तुमचे आणि वरील दोन्ही जाणत्यांचे लेखन वाचले. मी पावरा समाजातला असून आमच्या पाड्यांवर शिकवतो. चर्चेत एक बाजू राहिली आहे, ती मांडतो.

ठशाशिवायचे थूट म्हणजे चोरटी तोड, ही विभागणी वनपाल काकांनी सावधपणे केली असली तरी ती अपुरी आहे. आमच्याकडे घराच्या खांबांसाठी, पाटईसाठी, नांगरासाठी लाकूड आणतात. चुलीसाठी वाळलेले सरपण आणतात. २००६ च्या वनहक्क कायद्यानंतर अनेक गावांना सामूहिक हक्क मिळाले आहेत आणि गौण वनोपजावर त्यांचा अधिकार आहे. व्यापारी कूप, घरगुती गरज आणि बाहेरच्या टोळ्यांनी केलेली सागाची तोड या तीन गोष्टी तुमच्या तक्त्यात तीन स्वतंत्र रकान्यांत याव्यात. ढोलीच्या दृष्टीनेही त्या वेगळ्या आहेत. खांबासाठी माणूस सरळ, मध्यम जाडीचे झाड निवडतो, पोकळ झाडाला तो हात लावत नाही. सरपणासाठी मात्र वाळलेली फांदी आणि वाळलेले खोड जाते, आणि तेच सुताराचे झाड असते. वस्तीपासून जसजसे दूर जाल, तसतशी उभी वाळलेली झाडे वाढत जातात का, हे तपासा. आमच्या भागात जंगलाने एकेकाळी वेगळाच घाव सोसला आहे, तोही विसरू नका : सरदार सरोवरामुळे नर्मदाकाठची आमची गावे बुडाली आणि त्या माणसांना वसवण्यासाठी १९९० च्या दशकात तळोद्याच्या राखीव जंगलाची ४००० हेक्टरांहून अधिक जमीन मोकळी करण्यात आली. शहादा-तळोद्याच्या पायथ्याचे जुने नकाशे आणि आजचे जंगल ताडताना ही जमीन कूपतोडीच्या खात्यावर मांडली जाऊ नये.

वणव्याचीही नोंद ठेवा. तोडीनंतर कूपात फांद्यांचा आणि पालापाचोळ्याचा खच राहतो आणि उन्हाळ्यात जाळरेषा (आग अडवण्यासाठी मोकळा ठेवलेला पट्टा) वेळेवर साफ झालेली नसेल, तर आग तेथे जास्त भडकते. मोह वेचण्याच्या दिवसांत झाडाखालचा पाला जाळण्याची पद्धतही आमच्यात आहे, हे मी लपवणार नाही. तरुण मुले आता पाला झाडून काढतात किंवा जाळी अंथरतात, पण सगळीकडे तसे नाही. आगीत पोकळ खोड आतून पेटते आणि धुराड्यासारखे रात्रभर जळत राहते. तोड झालेल्या कूपात ढोल्या कमी आढळल्या, तर त्यातल्या किती कुऱ्हाडीने गेल्या आणि किती आगीने, हे खोडाच्या आतील काळेपणा पाहून लिहून ठेवावे लागेल.

आणि एक विनंती. घरट्यांचे नेमके ठिकाण प्रबंधात किंवा समाजमाध्यमांवर देऊ नका. रानपिंगळा पुन्हा सापडल्यापासून छायाचित्रकारांची ये-जा वाढली आहे आणि ध्वनिमुद्रित आवाज पुन्हा पुन्हा वाजवून विणीच्या काळात पक्ष्याला बाहेर काढले जाते. दुसरीकडे, घुबडाच्या अंगाचे औषध आणि जादूटोणा यांवर विश्वास ठेवणारेही आहेत. ज्या पाड्याच्या रानात काम कराल, तेथील दोन-तीन मुलांना सोबत घ्या, त्यांना रोजंदारी द्या आणि प्रबंधात त्यांचा नावानिशी उल्लेख करा. ढोली शोधण्यात ती तुमच्या पुढे असतील. झाडाच्या बुंध्याशी उंदराच्या केसांच्या आणि हाडांच्या ओकलेल्या गोळ्या पडल्या आहेत का, ढोलीच्या ओठाशी साल घासून गुळगुळीत झाली आहे का, एवढे पाहून आत कोणी राहते की नाही हे ती सांगतात.

तापीकाठ (शहादा)

तिघांचेही मनापासून आभार. इतके नेमके मार्गदर्शन मला अन्यत्र मिळाले नसते.

आराखडा आता असा बदलते आहे. एकक कूप राहील. तोरणमाळ परिसरातील निरनिराळ्या मालिकांतील कूप आणि उतार-माती जुळणारी, तोडीतून वगळलेली क्षेत्रे यांच्या जोड्या करीन; यावलमध्ये हद्दीच्या आत-बाहेरच्या जोड्या हा दुसरा, स्वतंत्र भाग असेल. थुटांची नोंद ठसा असलेली, घरगुती स्वरूपाची आणि अनिश्चित अशा तीन गटांत करीन. 'चोरटी' हा शब्द तक्त्यात वापरणार नाही, कारण थूट पाहून हेतू ठरवण्याचा अधिकार मला नाही. ढोली आगीने गेली की तोडीने, यासाठी वेगळा रकाना ठेवीन. रानपिंगळ्याच्या घरट्यांची ठिकाणे वन विभागाशिवाय कोणालाही देणार नाही, आणि प्रबंधातील नकाशात केवळ वनपरिक्षेत्र दाखवीन.

एक अडचण उरते. रानपिंगळ्याचा विणीचा काळ साधारण ऑक्टोबर ते मे असा दिला जातो, आणि त्या काळात जंगलाचे रूप हिरव्यागारापासून पूर्ण निष्पर्णापर्यंत बदलते. सुतार आणि राघू यांचे दिवस आणखी वेगळे. सर्व जातींसाठी एकच हंगाम धरावा, की जातीनुसार वेगवेगळे? रानपिंगळ्यासाठी आवाज वाजवण्याची पद्धत वापरावी की नाही?

सालई (अमळनेर)

पक्षी-गणना आणि ढोली-गणना या दोन कामांचे हंगाम वेगळे करा, म्हणजे प्रश्न बराचसा सुटेल. ढोल्यांची आणि वाळलेल्या खोडांची मोजणी फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये, जंगल निष्पर्ण असताना करा. तेव्हा खोडे उघडी असतात आणि दुर्बिणीने शेंड्यापर्यंत पाहता येते. पक्ष्यांच्या फेऱ्या मात्र प्रत्येक कूपात दोनदा घ्या : एकदा पाने असताना, नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, आणि एकदा पानगळीनंतर. जोडीतील दोन्ही क्षेत्रांना एकाच आठवड्यात, आणि शक्यतो एकाच निरीक्षकाने भेट द्यावी. दिसण्याचे प्रमाण दोन्ही हंगामांसाठी वेगवेगळे काढा आणि पानांचे आच्छादन किती होते तेही प्रत्येक फेरीत लिहा. ढोल्यांचा वापर कोण करते हे पाहण्यासाठी निवडक ढोल्यांवर काठीला बांधलेला छोटा कॅमेरा पुरेल. अंडी किंवा पिल्ले असल्याची शंका आली तर आत पाहू नका, दुरून ये-जा टिपा.

आवाज वाजवायचा झालाच, तर विणीच्या ऐन काळात नको, आणि कोणत्याही एका बिंदूवर एका हंगामात एकापेक्षा अधिक वेळा नको. त्यातही नेहमीच्या, ठिपकेवाल्या पिंगळ्याच्या अधिवासात रानपिंगळ्याचा आवाज वाजवल्यास दोघे एकमेकांवर धावून जातात आणि नोंदी बिघडतात. रानपिंगळा दिवसा फिरतो आणि स्वतःहून बोलतो. सकाळी उन्हे अंगावर येईपर्यंत तो उघड्या फांदीवर बसलेला असतो, त्यामुळे त्या वेळेत शांतपणे ऐकत उभे राहण्याच्या फेऱ्या ठेवल्यात तर आवाज वाजवण्याची गरज बहुतेक पडणार नाही. परवानगीच्या अर्जात मात्र ही पद्धत वापरणार की नाही, हे आधीच स्पष्ट लिहा. काम सुरू झाल्यावर बदल करायचा म्हटल्यास नवा अर्ज करावा लागेल आणि एक हंगाम हातचा जाईल. आराखडा तयार झाला की जोड्यांची यादी येथे न टाकता मला व्यक्तिगत निरोपाने पाठवा, मी नकाशावर उतार पडताळून देतो.